ताज्या तिखटजाळ मिरच्या नागपूरला पाठवायच्या आहेत, मदत हवी आहे

ऐरोलीत गच्चीवर कुंड्यांमध्ये भूत जोलोकिया लावली आहे. झाडं लगडलीत, पण घरात खाणार कोण? दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) घरातली जात, एक मिरची अख्ख्या पातेल्याला भारी पडते. नागपूरच्या मावसभावाला लोणच्यासाठी अर्धा किलो ताज्याच हव्यात. वाळवून किंवा पूड करून नकोत.

आधी झिपच्या पिशवीत पाठवल्या, तर आत पाणी सुटून देठांपाशी बुरशी आली. नंतर वर्तमानपत्रात गुंडाळून, भोकं पाडलेल्या खोक्यातून पाठवल्या. बुरशी नाही, पण खालचा थर पार चेपला. हिची साल पातळ, वरचं वजन सोसत नाही.

देठासकट तोडतो, धूत नाही, सोमवारीच टाकतो म्हणजे मध्ये रविवार येत नाही. बर्फाचे पॅक सुचवू नका. साधारण सात अंशांखाली मिरचीला खड्डे पडतात आणि ती लवकर सडते. विमानाने पाठवण्याइतकं बजेटही नाही.

अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये थर लावून कोणी पाठवल्या आहेत का? आणि तीन-चार दिवसांच्या प्रवासासाठी पूर्ण लाल झाल्यावर तोडायच्या, की रंग धरू लागल्या की लगेच?