वर्षभराचे सामूहिक वाचन : अभिजात कादंबऱ्यांची निवड तुम्ही कशी केलीत? (अनुभव धागा)

निवांत

आमच्या वसाहतीतील वाचक मंडळाने येत्या वर्षी दर महिन्याला एक जुनी मराठी कादंबरी वाचायचे ठरवले आहे आणि यादी करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. त्या निमित्ताने, नोकरीच्या गावी असताना आम्ही चालवलेल्या अशाच एका उपक्रमाची आठवण जागी झाली.

तेव्हाची यादी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केली होती आणि ती काटेकोरपणे कालानुक्रमे होती. जानेवारीत बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), फेब्रुवारीत लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), मार्चमध्ये गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१). अभ्यासक्रम म्हणून या क्रमाला नावे ठेवता येणार नाहीत. परंतु ‘यमुनापर्यटना’त विधवांच्या हकिकती एकीमागून एक येत राहतात, त्यांच्या जोडीला धर्मोपदेशाची पाने लागतात, आणि दिवसभर कचेरीत राबून आलेल्या माणसाला ती रात्री साडेदहा वाजता वाचवत नाहीत. मार्चच्या बैठकीला प्राध्यापक, यजमान आणि यजमानांचे शेजारी एवढेच उरले होते.

मग कोणीतरी धीर करून सुचवले की, मधली वर्षे तूर्त बाजूला ठेवून एकदम १९३९ साली जावे आणि विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वाचावी. पाने थोडी, युरोपातून परतणारी बोट, तिच्यावरचा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा. पुढच्या बैठकीला सगळे पुस्तक संपवून आले होते आणि चक्रधर तिच्यावर प्रेम करतो की आधीच्या दुखावलेपणाची भरपाई करून घेतो, यावर अशी जुंपली की यजमानीणबाईंना दुसऱ्यांदा चहा टाकावा लागला. त्यानंतर आम्ही वर्षाची यादी आधी बांधून ठेवली नाही. एका पुस्तकाने मंडळींचे काय केले हे पाहून पुढचे ठरवू लागलो. माझे मत तेव्हापासून असे झाले आहे की, कोणती कादंबरी किती थोर आहे याच्या खलापेक्षा कोणत्या कादंबरीनंतर कोणती यावी, हा विचार अधिक उपयोगाचा असतो.

आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. यादी पंधरवड्यात द्यायची आहे.

खानापुरी

‘मोचनगडा’ला सरसकट निकालात काढल्याचे वाचून राहवले नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकर आमच्या भागातले, जांबोटीचे. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी त्यांनी स्वतः संपादित केलेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः छापली. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, आणि या सीमाभागात मराठी पुस्तक हातात धरण्याला जो अर्थ आहे तो पुण्या-मुंबईकडील मंडळींना सांगून कळेलच असे नाही. आमच्या गटात ‘मोचनगड’ उत्तम रंगली, कारण ती वाचून झाल्यावर आम्ही एक संपूर्ण रविवार जवळच्या किल्ल्यावर काढला. पुस्तक जड नव्हते, निवांतराव, तुमचा मार्च जड होता. परीक्षांच्या महिन्यात कोणतेही पुस्तक पडते.

दुपारची डुलकी

आम्ही सगळ्या साठीच्या पुढच्या बायका आहोत. आमच्याकडे ‘पण लक्षात कोण घेतो’वरून सुरुवातीलाच दोन तट पडले होते. रडकी आहे, लांब आहे, शाळेत उतारा होता तेवढा पुरे, असे निम्म्या जणींचे म्हणणे. तेव्हा आमच्यातील एकीने आठवण करून दिली की, हरिभाऊ आपट्यांनी ती सलग पुस्तक म्हणून दिलीच नव्हती. ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून ती हप्त्याहप्त्याने येत होती आणि पुस्तक १८९३ साली झाले. मग आम्हीही हप्तेच केले. दर शुक्रवारी ठरलेली प्रकरणे वाचायची आणि पुढे डोकावायचे नाही, असा दंडक घातला. (डोकावणाऱ्या दोघी कोण, हे सर्वांना ठाऊक आहे.)

त्यामुळे झाले असे की कादंबरीची नायिका यमू आमच्यासोबत आठवडे काढू लागली. भाजी निवडताना शंकरमामंजींना शिव्या बसू लागल्या. नवरा रघुनाथराव गेल्यानंतर यमूच्या केशवपनाचे प्रकरण आले त्या शुक्रवारी चर्चा झालीच नाही. आमच्यातील सर्वांत वडील सभासद, ज्यांना आम्ही माई म्हणतो, त्यांनी आपल्या आजीविषयी सांगायला सुरुवात केली. आजी महिन्यातून एकदा मागच्या पडवीत न्हाव्यासमोर बसत असे, त्या वेळी मुलांना पुढच्या ओसरीवर हाकलून देत, आणि नंतर दिवसभर आजी कोणाशी बोलत नसे. माईंनी हे त्यांच्या सुनेलाही कधी सांगितले नव्हते. सून शेजारीच बसली होती.

म्हणून निवड करताना आम्ही आता एवढेच पाहतो की, पुस्तकाचे तुकडे कुठे पडतात. मूळची क्रमशः आलेली कादंबरी असेल तर ती सामूहिक वाचनाला बहुधा चांगली मानवते, कारण लेखकानेच वाचकाला थांबवण्याच्या जागा करून ठेवलेल्या असतात.

जुना सभासद

@दुपारची डुलकी, माईंना माझा नमस्कार सांगावा. माझ्या पणजीची हकिकतही अशीच होती.

पाटीपुस्तक

मी एका तालुक्याच्या ठिकाणी अनुदानित ग्रंथालयात काम करते, त्यामुळे या विषयाची रुक्ष बाजू मांडते. मंडळे यादी उत्साहाने करतात आणि पहिल्या तारखेला येऊन एका कादंबरीच्या दहा प्रती मागतात. आमच्यासारख्या ग्रंथालयात एका शीर्षकाची एक प्रत असते, फार तर दोन, आणि त्यांतली एक बांधणीला गेलेली असते. ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ किंवा ‘श्यामची आई’ बाजारात केव्हाही मिळतात. जुन्या, कमी खपाच्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या मात्र संपतात आणि पुढची आवृत्ती कधी निघेल ते प्रकाशकही सांगत नाहीत.

माझा सल्ला असा की, यादी मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कुठून येणार हे लिहून काढावे आणि किमान तीन महिने आधी नोंदणी करावी. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे १९१९ साली निवर्तलेले हरिभाऊ आपटे, १९३७ साली गेलेले ‘ब्राह्मणकन्या’कार केतकर किंवा १९५० साली गेलेले साने गुरुजी यांचे लेखन आता मुक्त आहे, आणि मंडळातील ज्येष्ठांसाठी त्यातील प्रकरणे मोठ्या टाइपात छापून वाटायला काहीच हरकत नाही. याउलट अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे ‘फकिरा’च्या बाबतीत तसे करता येणार नाही. छायाप्रती काढून देण्याचा आग्रह कृपया आम्हाला करू नये.

कागदी होडी

नेमाड्यांची ‘कोसला’ घ्या आणि पुढे महिनाभर घरात काय होते ते पाहा. आमच्याकडे दूधवाल्याशी बोलतानासुद्धा उदाहरणार्थ, वगैरे, सुरू झाले होते. वयाने मोठ्या सभासदांना पांडुरंग सांगवीकर असह्य झाला आणि वडिलांच्या पैशांवर पुण्यात राहून हा करतो काय, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. मनीच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा मात्र तेच सभासद म्हणाले की, हा भाग आम्ही पुन्हा वाचणार नाही, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

सडेतोड

वर उल्लेख झालेली नावे पाहिली. आपटे, बेडेकर, केतकर, नेमाडे, खांडेकर. आमच्या शहरातील मंडळाचीही यादी अशीच होती आणि मी पहिल्याच बैठकीत विचारले की, या वर्षभरात गावकुसाबाहेरचे एकही माणूस आपल्याला भेटणार नाही काय? थोडी शांतता झाली आणि मग एका गृहस्थांनी, वाङ्मयीन गुणवत्ता पाहावी, लेखकाची पार्श्वभूमी पाहू नये, असे मला समजावले. मी म्हटले, गुणवत्ताच पाहू. ‘फकिरा’ (१९५९) पहिल्या बैठकीपुरती वाचून या. राणोजी शेजारच्या गावातून जोगणी, म्हणजे जिच्यामुळे गावाला जत्रेचा मान मिळतो ती, आणायला जातो ते पहिले प्रकरण हातातून ठेवणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. हे गृहस्थ पुढच्या वेळी पूर्ण पुस्तक वाचून आले आणि बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला केलेली अर्पणपत्रिका त्यांनी स्वतः सर्वांना वाचून दाखवली. त्यांच्याविषयी माझे मत त्या दिवशी बदलले, हेही नमूद करतो.

निवांतराव, आपल्या क्रमाच्या मुद्द्याला धरून एक ठोस सूचना करतो. ‘रणांगण’नंतर लगेच विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ (१९५०) ठेवावी. विभावरी शिरूरकर म्हणजे मालती बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ज्या वसाहतींत कोंडले जाई, त्यांचे काम त्यांनी सोलापूरकडे जवळून पाहिले होते. एकाच घरातली दोन पुस्तके. एकात युरोपात नकोशी झालेली माणसे बोटीवर, तर दुसऱ्यात आपल्याच सोलापुरात तारेच्या कुंपणाआड. आमच्याकडे ज्यांनी हेर्टासाठी डोळे पुसले होते, त्यांना ‘बळी’च्या वेळी बरेच सावरून बोलावे लागले. सबंध वर्षातील सर्वांत प्रामाणिक चर्चा तीच झाली.

निवांत

@सडेतोड, ही जोडी आपण सुचवेपर्यंत माझ्या ध्यानातही आली नव्हती. यादीत घेतली. @पाटीपुस्तक, ‘बळी’च्या प्रती मिळण्याबाबत आपला काय अनुभव आहे?

पाटीपुस्तक

आमच्याकडे एक आहे. ती सध्या सेवानिवृत्त मुख्याध्यापकांकडे असून त्यांना स्मरणपत्र गेलेले आहे.

वऱ्हाडी ठेचा

उद्धव शेळके यांच्या ‘धग’चे (१९६०) नाव अद्याप कोणी घेतले नाही, याचे नवल वाटले. पुण्यातील आमच्या मंडळात मी एकटीच अमरावती जिल्ह्यातली. पहिल्या आठवड्यात सर्वांनी तक्रार केली की, संवाद कळत नाहीत. म्हणून ठरले की, संवाद मी मोठ्याने वाचायचे. कौतिक नवऱ्याशी, महादेवशी, बोलते ते वाक्य कागदावर रागाचे दिसते. पण आमच्याकडच्या बाईच्या तोंडून ते कसे निघते, कुठे लांबते आणि कुठे तुटते, हे ऐकल्यावर त्यात राग किती आणि काळजी किती ते आपोआप उलगडते. महादेवला महारोग झाल्यानंतरचे तिचे बोलणे वाचताना माझा आवाज लागेना, तेव्हा सातारच्या एका काकांनी पुस्तक हातात घेतले आणि सातारी हेल काढून पुढचे वाचले. कोणी हसले नाही.

म्हणून बोलीतील कादंबरी यादीतून वगळू नये. ती बोली घरात बोलणारे माणूस मंडळात असेल त्या वर्षी ती आवर्जून घ्यावी, आणि नसेल तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे. ‘टारफुला’, ‘गोतावळा’ आणि ‘पाचोळा’ यांनाही हेच लागू आहे.

सातासमुद्रापार

आम्ही न्यू जर्सीतील काही कुटुंबे वर्षभर एकत्र वाचतो. येथे पुस्तके भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून येतात. त्यामुळे लोणचे ठेवावे की पेंडसे, असा प्रश्न कोणाच्या ना कोणाच्या सासूबाईंसमोर दरवर्षी उभा राहतो. आमच्याकडे एक अमेरिकी शेजारीण टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ वर्षभर रोज एक प्रकरण याप्रमाणे वाचत असे. त्या कादंबरीची प्रकरणे ३६१ असल्याने वर्षाच्या हिशेबात ती नेमकी बसते. हे पाहून आम्हीही बारा कादंबऱ्यांचा हट्ट सोडला आणि श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही दोन खंडांची कादंबरी निम्मे वर्ष पुरवली. चार पिढ्या आहेत, माणसे मुबलक आहेत, जगबुडीचे पाणी सतत सोबतीला आहे, आणि मधला एखादा आठवडा चुकला तरी माणूस पुन्हा गावात शिरू शकतो. वंशावळ मात्र पहिल्याच आठवड्यात काढून फ्रीजवर लावावी. आमची मुले तिच्यावरूनच देवनागरी वाचायला लागली.

रविवारची भजी

‘तुंबाडचे खोत’ पावसाळ्यात आणि ‘बनगरवाडी’ एप्रिल-मे महिन्यात, ही वाटणी आम्ही कधीच मोडत नाही. माडगूळकरांची ती कादंबरी लहान आहे. धनगरांच्या वाडीवर आलेला पोरगेला मास्तर, गावाने मिळून उभारलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने उठलेले गाव, हे सगळे दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलेही आनंदाने वाचतात. आमच्या मंडळाला तरुण सभासद मिळाले ते त्याच महिन्यात.

खानापुरी

भजी या नावावरून विचारतो, बैठकीचे खाणे वर्गणीतून करता की पाळीपाळीने? आमच्याकडे यावरून पुस्तकांपेक्षा अधिक मतभेद आहेत.

रविवारची भजी

पाळीने. ज्याच्या घरी बैठक, त्याने खाणे करायचे आणि पुढच्या पुस्तकाचे नावही त्यानेच सुचवायचे. त्यामुळे निवडीची जबाबदारी फिरत राहते आणि पुस्तक पडलेच, तर निदान खाणे चांगले असण्याची तो काळजी घेतो.

निवांत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या सहामाहीचा कच्चा क्रम असा लावतो आहे : ‘रणांगण’, ‘बळी’, मग परीक्षांचा महिना मोकळा, एप्रिलमध्ये ‘बनगरवाडी’, मेमध्ये ‘फकिरा’, आणि जूनपासून ‘पण लक्षात कोण घेतो’ साप्ताहिक हप्त्यांनी. दुसरी सहामाही पहिलीचा रंग पाहून ठरवू. ‘धग’ घ्यायची फार इच्छा आहे, परंतु आमच्या वसाहतीत वऱ्हाडातले कोणी आहे की नाही, याची आधी चौकशी करावी लागेल.

वऱ्हाडी ठेचा

कोणी सापडले नाही तर कळवावे. बैठक शनिवारी असेल तर मी दूरध्वनीवरून वाचून दाखवीन.