आंब्याचे पैसे आणि गिल्ट फंड
सरकारी रोखे बुडत नाहीत, म्हणून आंबा विकून आलेले पैसे दहा वर्षांच्या गिल्ट इंडेक्स फंडात (सरकारी रोख्यांत गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका, असा सल्ला दिला जातो. बुडत नाहीत हे मान्य, पण भाव हलतो ना! मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे व्याजदर बदलला की भाव किती हलतो त्याचं माप, ७ असेल तर व्याजदर एक टक्का चढताच एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) साधारण सात टक्के उतरते. देवगडात जूनला हाती आलेले पैसे मोहोराच्या फवारणीला, पंपाच्या डिझेलला लागतात. तेवढ्याला बँकेची मुदत ठेवच बरी.

मुलीच्या शिक्षणासाठी वगैरे ठेवायचे असतील तर टार्गेट मॅच्युरिटी फंड बघा. कायम दहा वर्षं मुदतीच्या फंडात रोखे बदलत राहतात, मुदत संपतच नाही. टार्गेट मॅच्युरिटी फंडाला मात्र मुदत संपण्याची ठरलेली तारीख असते. आणि या दोन्ही फंडांच्या १ एप्रिल २०२३ पासूनच्या खरेदीवर इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत) नाही, नफा उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर.