गाडी विकायची आहे, शोरूमचं टार्गेट भरायचं नाही

पिंप्राळेकर:
काल इथे एका सेल्सवाल्या भाऊंनी लिहिलं, 'जाहिरातीत नंबर टाकता आणि आमचा फोन आला की चिडता. आम्हीपण गिऱ्हाईकच आहोत.' दोन ओळींत सोडून देणार होतो, पण रात्री झोप लागेना.

माझी २०१७ ची वॅगन आर, जळगाव पासिंग (एमएच १९), पहिल्यापासून माझ्याच नावावर. भाव ३ लाख १० हजार. शनिवारी संध्याकाळी जाहिरात टाकली, त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'डीलर, एजंट यांनी फोन करू नये.' रविवार रात्रीपर्यंत २३ फोन. त्यातले खरोखर घरी गाडी घेणारे चार असतील.

एक जण म्हणाला, "काका, घरच्यासाठी पाहिजे, मिसेसला शिकायचीये." बोलता बोलता मागून टाळ्या वाजल्या आणि माइकवर कोणीतरी "अभिनंदन पाटील परिवार!" म्हणालं. शोरूममध्ये नव्या गाडीची चावी देताना करतात ना, तेच. मी विचारलं, तुमच्या घरी कसला कार्यक्रम चाललाय? फोन कट.

दुसरा प्रत्यक्ष आला. दाराचं रबर ओढून पिलर बघितला, बोनेटवर बोटाची गाठ वाजवली, टायरच्या खाचेत नख घातलं. भाव दिला २ लाख २० हजार. दुसऱ्या दिवशी आणखी एकाचा फोन, २ लाख ५. तिसऱ्याचा १ लाख ९०. तिघंही एकाच शोरूमचे निघाले. आपणच आधी माणसाचा धीर मोडायचा आणि मग २ लाख २० वाल्याने परत येऊन '२ लाख २५ देतो, आजच्या आज' म्हणायचं. हे गिऱ्हाईक?

शोरूमवाला_बापू:
कालचं मीच लिहिलं होतं. काका, खोटं बोलून फोन करणं चूक, एवढं मान्य. पण दिवसाला चाळीस फोन केल्याशिवाय आम्हाला जेवायला सुट्टी नाही. महिन्याला पाच जुन्या गाड्या आणल्या तर इन्सेन्टिव्ह, नाहीतर नुसता पगार, आणि पगार किती ते इथे सांगायला लाज वाटते. 'डीलर आहे' म्हटलं की लोक आईवरून शिव्या देतात, म्हणून पोरं 'घरच्यासाठी' म्हणतात. आणि भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली तर जुनीचा भाव बसणारच. त्यात जुन्या गाडीवर आम्हाला १८ टक्के भरावा लागतो तो वेगळाच.

एमएच१८:
काय सांगी ऱ्हायना भाऊ! तो १८ टक्के मार्जिनवर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. २ लाखाला घेऊन २ लाख ६० ला विकली तर ६० हजारावर. घरच्या माणसाने घरच्या माणसाला विकली तर शून्य. हेच गणित दाखवून माझ्या मेहुण्याचे ३० हजार कापले. जळगावात असंच चालतं म्हणा.

शोरूमवाला_बापू:
मार्जिनवरच म्हणायचं होतं. आणि तुमच्या एमएच १८ धुळ्यात काय फुलं वाहतात का गाडीवर?

रावेरचा_केळीवाला:
तुम्हाला २३ फोन आले म्हणून एवढं लिहिलंत. आमचं दर हंगामाला हेच चालतं. बऱ्हाणपूरचा केळीचा भाव एक निघतो, व्यापाऱ्याचा माणूस फोनवर दुसरा सांगतो आणि कटाईला मजूर बागेत उतरले की तिसराच. 'माल बारीक आहे भाऊ.' तेव्हा काय करणार, घड झाडाला ठेवून पिकवणार? एक परवडला नाही की दुसरा येतो, तो आणखी शंभर कमी सांगतो, आणि संध्याकाळी दोघं एकाच टपरीवर चहा पिताना दिसतात. गाडी निदान दारात उभी राहते, सडत नाही.

पिंप्राळेकर:
केळीचं दुःख कळतं भाऊ, पण धागा गाडीचा आहे.

रावेरचा_केळीवाला:
एकच धंदा आहे तो. असो.

अमळनेरची_ताई:
फोन आणि भाव सोडा हो. मी २०२३ मध्ये सासऱ्यांची गाडी नवीच्या बदल्यात एका शोरूमला दिली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, घेणाऱ्याचं नाव कोरं. 'ताई, पुढचं आम्ही बघतो.' चौदा महिन्यांनी सेंधव्याकडून पोलिसांचा फोन, तुमच्या गाडीने मोटारसायकल उडवली. गाडी मधल्या काळात तीन हातांतून फिरलेली, आरसीवर नाव सासऱ्यांचंच. त्यांना बीपी आहे. त्या रात्री आम्ही काय काढलं ते आमचं आम्हाला माहीत. शोरूमचा मुलगा म्हणे, "मॅडम, तो स्टाफ सोडून गेला."

शोरूमवाला_बापू:
ताई, एकाने केलं म्हणून सगळ्यांना...

अमळनेरची_ताई:
सगळ्यांना नाही, तुम्हाला विचारतेय. तुमच्याकडे कोरा फॉर्म २९ घेत नाहीत? शपथेवर सांगा.

शोरूमवाला_बापू:
गिऱ्हाईक ठरलेलं नसताना नाव कोणाचं लिहिणार?

मास्तर_निवृत्त:
इथेच गोम आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद झाली की पुढची जबाबदारी डीलरची, तो मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक तोच धरला जातो. कोऱ्या सहीची गरजच राहत नाही. ही नोंद नसेल तर २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहेच, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून. ताई, तुम्ही नियम आल्यावर गाडी दिली असेल तर त्या शोरूमला लेखी विचारा.

एमएच१८:
मास्तर, नियम कागदावर. आरटीओत एजंटशिवाय खिडकी उघडत नाही.

मास्तर_निवृत्त:
मी स्वतः ऑनलाइन करून घेतलंय. आळस तुमचा, नाव आरटीओचं.

एमएच१८:
मास्तरांना पेन्शन आहे, दुपार मोकळी आहे. आमचं दुकान कोण बघणार?

मास्तर_निवृत्त:
पेन्शनवर येऊ नका. बापू, तुमच्या शोरूमकडे ते अधिकारपत्र आहे का? एका शब्दात सांगा.

शोरूमवाला_बापू:
मी एक्सचेंज टेबलला बसतो सर, ते ऑफिसला माहीत.

अमळनेरची_ताई:
झालं. मिळालं उत्तर.

शोरूमवाला_बापू:
हसा. उद्या विचारतो साहेबांना. ताई, तुमच्यासारखं आमच्याकडून कोणाचं झालं असेल तर खरंच वाईट वाटतं. पण एक सांगा, काका ३ लाख १० मागतात त्या गाडीचं डाव्या बाजूचं मागचं दार रिपेंट आहे. माझ्याच माणसाने बघितलंय. जाहिरातीत लिहिलंय का?

पिंप्राळेकर:
गल्लीतल्या पोराची सायकल घासली होती. फक्त ओरखडा.

एमएच१८:
ओरखड्याला पूर्ण दार रंगवलं? 😄

पिंप्राळेकर:
...लिहितो जाहिरातीत. ५ हजार कमी करतो. शोरूमला तरी देणार नाही.

रावेरचा_केळीवाला:
भाऊ, टायर कधीचे आहेत? पोराला कॉलेजला जायला बघतोच होतो. नंबर पाठवा.

पिंप्राळेकर:
नंबर आता कोणालाच देत नाही. रविवारी दहाला घरी या, आधार कार्ड आणि पोराला घेऊन. फॉर्म २९ वर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहीन.

रावेरचा_केळीवाला:
येतो. माल बारीक निघाला तर भाव मीपण पाडणार.