मदत हवी आहे: बिझनेस क्लासमध्ये विमान सुटण्याआधीचं पेय बिनसाखरेचं मिळेल का?

आई (६८, मधुमेह, इन्सुलिन चालू) पुढच्या महिन्यात नागपूर-मुंबई-लंडन एकटी जात आहे. गुडघ्यांमुळे बिझनेस क्लास घेतला. व्हीलचेअर आणि डीबीएमएल, म्हणजे मधुमेहींचं जेवण, पीएनआरवर दिसतंय.

अडचण जागेवर बसल्याबसल्या येणाऱ्या पेयाची आहे. मागच्या वेळी ट्रेमध्ये शॅम्पेन आणि संत्र्याचा रस होता. नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने रसाचा अख्खा ग्लास संपवला. "आपल्या वरुडच्या संत्र्यासारखा लागला मले," म्हणाली. साखर ३०० वर गेली होती.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. दोघं म्हणाले, जेवणातच धरलं जाईल. तिसरी म्हणाली, क्रूला सांगा. ईमेलला ठरावीक उत्तर आलं. आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, वावरात गेल्याशिवाय रेंज नाही, होल्डवर ठेवलं की फोन कटतोच. आईला वऱ्हाडीशिवाय बोलता येत नाही. इंग्रजीत चिठ्ठी लिहून पासपोर्टसोबत देणारच आहे. साधं पाणी किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी मिळालं तरी पुरे.

पेयाची सूचना पीएनआरवर वेगळी टाकता येते का, कोणत्या शब्दांत मागायची, आणि ती केबिन क्रूपर्यंत खरंच पोचते का?