मदत हवी आहे: सिंगापूर – मुलाला एनएसचं पत्र आलंय, पुढे ढकलता येतं का?

मृण्मयी_एस
नमस्कार. मुलाला एनएससाठी रजिस्ट्रेशन करा म्हणून पत्र आलंय. पुढच्या वर्षी त्याला पुण्यात इंजिनिअरिंगला पाठवायचं कधीचं ठरलंय. हे टाळता येतं का? निदान चार वर्षं पुढे ढकलता येतं का? कुणी केलं असेल तर लवकर सांगा, घरात रोज वाद चाललेत.

भटक्या
एनएस म्हणजे कॉलेजातलं एनएसएस का? ते सक्तीचं नसतं, प्राचार्यांना भेटा.

दर्यावर्दी
भटक्या, नाही हो. सिंगापूरची नॅशनल सर्व्हिस. दोन वर्षं सक्तीची, सैन्यात, पोलिसात किंवा सिव्हिल डिफेन्समध्ये.
मृण्मयी, मुलाचा पासपोर्ट कुठला? पीआर (कायम राहण्याचा परवाना) आहे का? असेल तर कुणामुळे मिळाला? वय किती? एवढं कळल्याशिवाय कुणी काही सांगू नये.

मृण्मयी_एस
पासपोर्ट भारताचाच, पीआर आहे. सगळ्यांचा एकदमच झाला ना.

दर्यावर्दी
'सगळ्यांचा एकदम' यातच सगळं आलं. नोकरीच्या जोरावर तुमच्या यजमानांनी अर्ज केला असणार, म्हणजे ते पहिल्या पिढीचे पीआर, त्यांना माफी. आईवडिलांमुळे ज्याला पीआर मिळाला तो दुसऱ्या पिढीचा, त्याला एनएस लागू. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, अठराव्यानंतर भरती. बारावीपर्यंतचं शिक्षण पुरं करू देतात, विद्यापीठासाठी थांबत नाहीत. पुण्यातली चार वर्षं आधी आणि एनएस नंतर, हे होणार नाही. ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहायचं तर एक्झिट परमिट लागतं, ते न घेता मुलगा गेला तर एन्लिस्टमेंट कायद्याखाली गुन्हा होतो. दहा हजार डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही.

चाफा
मग पीआर सोडून द्या की! मुलाचा एकट्याचा. आमच्या ओळखीत एकांनी सोडला, मुलगा आता बंगळुरात मजेत आहे.

दर्यावर्दी
चाफा, अर्धी गोष्ट सांगू नका. एनएस न करता पीआर सोडला की पुढे त्या मुलाने सिंगापुरात शिकायला किंवा नोकरीला अर्ज केला तर ते त्याच्या विरोधात धरलं जातं. आईवडिलांच्या री-एंट्री परमिटच्या (पीआर टिकवून देशाबाहेर जाऊन परत येण्याचा परवाना) नूतनीकरणावरही परिणाम होऊ शकतो. घर घेतलं असेल, धाकटं भावंड शाळेत असेल, तर अशा घराला हा धोका परवडतो का ते आधी बघा. मृण्मयी, तुमचं परमिट कधी संपतंय?

मृण्मयी_एस
पुढच्या वर्षी. पण मला एक सांगा, पीआर झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला कुणी विचारलं? इथे त्याला मतदानाचा हक्क नाही, पासपोर्ट भारताचा, आणि बंदूक मात्र यांच्यासाठी धरायची. नागरिकांवर सक्ती करा, मला मान्य आहे. जो नागरिकच नाही त्याच्यावर कशी करता?

रिटायर्ड_सुभेदार
ताई, बंदूक धरायला लागते म्हणून रडू नये. माझ्या मते भारतातसुद्धा प्रत्येक मुलाला दोन वर्षं सक्ती हवी. मोबाईल सुटतील, पहाटे उठतील.

कुलाबकर
सुभेदारसाहेब, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. आपल्याकडे भरतीच्या मैदानावर पोरं पहाटे तीनपासून रांगेत असतात. अग्निपथमध्ये चार वर्षांनी चारातला एकच जास्तीत जास्त कायम होतो, बाकीचे घरी. ज्यांना हवंय त्यांना जागा नाही आणि ज्यांना नकोय त्यांना धरून आणायचं, हा काय हिशेब? घटनेच्या कलम २३(२) प्रमाणे सरकार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावू शकतं, अट एवढीच की धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करायचा नाही. अधिकार आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असं नाही.

अण्णा_सातारकर
सक्ती करून पाहिली आहे. बासष्टच्या युद्धानंतर १९६३ ला कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, आम्ही त्याच काळातले. रायफली पुऱ्या पडायच्या नाहीत, मागच्या दोन रांगा लाकडी घेऊन उभ्या. निम्मी पोरं परेडनंतरच्या नाश्त्यासाठी यायची. १९६८ ला पुन्हा ऐच्छिक केली आणि तेव्हा कुठे मनापासून येणारी पोरं उरली. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात पिढ्यान् पिढ्या घरटी फौजी आहे, तिथे कुणी सक्ती केली नव्हती.

रिटायर्ड_सुभेदार
अण्णा, एनसीसीची सक्ती नीट राबवली नाही म्हणून सक्तीच वाईट कशी? इस्रायल बघा, मुलीसुद्धा जातात.

कुलाबकर
इस्रायलचं मी सांगतो. आमच्या अलिबागकडची बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) घरं तिकडे गेली, शेजारच्या काकूंची नातवंडं दिमोनात वाढली. सैन्यात गेल्यावर पोरं खऱ्या अर्थाने त्या देशाची झाली असं काकू अभिमानाने सांगायच्या, ते मला पटतं. पण तिथेही सक्ती सरसकट नव्हती. धर्मशिक्षण घेणाऱ्या हरेदी (कट्टर धार्मिक ज्यू) तरुणांना वर्षानुवर्षं सूट होती, २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही बोलवा असं सांगितलं आणि तिथलं सरकार हादरलं. ओझं सगळ्यांवर सारखं नसेल तर सक्ती टिकत नाही.

दर्यावर्दी
धागा भरकटतोय, पण मृण्मयींच्या मुद्द्याचं उत्तर याच बोलण्यात आहे. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळं झालं तेव्हा त्यांच्याकडे जेमतेम दोन पायदळ बटालियन होत्या, आणि पुढे ब्रिटिशही निघायच्या तयारीत. तेव्हाचे संरक्षणमंत्री गोह केंग स्वी यांनी १९६७ मध्ये एनएस आणली ती त्या भीतीपोटी. पीआरच्या मुलांना सूट दिली तर शेजारच्या बाकावरचा सिंगापुरी मुलगा म्हणणार, मी दोन वर्षं घालवतो तेव्हा हा पदवी घेऊन पुढे जातो. शाळा, दवाखाने, सुरक्षितता आपण सगळ्यांनी इथूनच घेतली.
माझा मुलगा करून आला. चांगीहून बोटीने तेकोंग बेटावर, जिथे सुरुवातीचं प्रशिक्षण होतं, सोडायला गेलो. पालकांना बराकी दाखवतात, मेसमध्ये जेवू घालतात. शाकाहारी जेवण वेगळं मिळतं. त्याची आई पूर्ण वेळ गादीचा कोपरा चाचपत होती. पहिले दोन आठवडे घरी सोडत नाहीत, ते जड गेले. नंतर दर आठवड्याला मळके कपडे घेऊन हजर. आता तो रिझर्व्हमध्ये आहे, अजून काही वर्षं बोलावणी येत राहतील. हेही धरून चाला, दोन वर्षांत सगळं संपत नाही.

मृण्मयी_एस
दर्यावर्दी, तुमचं लिहिणं मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, माझे सगळे मित्र जाणार आहेत, मी एकटाच पळून का जाऊ? हे आम्हाला तो आजवर बोलला नव्हता. तरी चार वर्षांच्या मुलाच्या वतीने आम्ही केलेली सही त्याच्यावर बांधू नये, हे माझं मत कायम आहे. अठराव्या वर्षी त्याला एकदा विचारायला हवं, आणि 'नको' म्हणाला तर त्याची शिक्षा घरादाराला नको.
पण आता प्रश्न वेगळा आहे. एनएस करून पुढे त्याने इथलं नागरिकत्व घेतलं तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) मिळेल का?

चाफा
ओसीआय सगळ्यांना मिळतं. माझ्या बहिणीचं तीन महिन्यांत आलं.

दर्यावर्दी
चाफा, परत तेच. परदेशी सैन्यातल्या, आजी किंवा माजी, लोकांना ओसीआय देत नाहीत असं नियमात आहे. सक्तीच्या एनएसला तो कसा लावतात हे भारतीय उच्चायुक्तालयाला ईमेल करून लेखी घ्या, तोंडी नको. पण आधी रजिस्ट्रेशन करा, पत्रातली मुदत चुकवू नका. मेडिकलला लहानपणापासूनचे सगळे रिपोर्ट न्या. दमा असेल, हाड मोडलं असेल, सगळं सांगा, त्यावरून फिटनेसचा दर्जा ठरतो आणि पुढची नेमणूकही.

भटक्या
मुलाला सैन्याचीच आवड असेल तर छत्रपती संभाजीनगरला एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) आहे, एनडीएची तयारी करून घेतात. दहावीनंतर प्रवेश.

मृण्मयी_एस
भटक्या, तो बारावीला जाणार आहे. दर्यावर्दी, त्याला लहानपणी दमा होता, पंप अजून कधीतरी लागतो. पुण्यातल्या डॉक्टरांची जुनी फाईल मराठीत आहे, ती चालेल का?

दर्यावर्दी
भाषांतर करून घ्या, आणि इथल्या पॉलिक्लिनिकमधून ताजा रिपोर्टही काढा. दोन्ही सोबत न्या. पंप किती वेळा लागतो ते इथे नको, तिथे सांगा.