जॉन्जूचा भात

आत्या: सायली, फोटो बघितले. लांब झग्यातले छान आलेत. गाव कुठलं म्हणालीस?

सायली: जॉन्जू, दक्षिण कोरियातलं. आणि झगा नाही गं, हानबोक, इथला पारंपरिक पोशाख. तासावर भाड्याने मिळतात. सोलहून रेल्वेने पावणेदोन तास लागले. शनिवारी सकाळी गेलो, रविवारी रात्री परत.

काका: जुनं गाव म्हणजे खरंच जुनं, की पर्यटकांसाठी उभं केलेलं?

सायली: दोन्ही, काका. मोठा रस्ता म्हणजे नुसती जत्रा. एक गल्ली आत वळलं की कौलारू घरंच घरं, सातशेच्या आसपास आहेत म्हणे. जपानी राजवटीत त्यांचे व्यापारी गावात पसरायला लागले, तेव्हा इथल्या लोकांनी १९३० च्या सुमारास आपल्या पद्धतीची घरं एका बाजूला बांधत नेली. त्यांना हानोक म्हणतात. आम्ही त्यातल्याच एकात राहिलो.

ओंकार: पलंग नसतो ना?

सायली: नसतो. तेल पाजलेल्या पिवळट कागदाची जमीन आणि तिच्यावर पातळ गादी. खालून जमीन तापवतात. पाठ भाकरीसारखी शेकली आणि नाक गार! पहाटे आम्ही चौघी गादी सोडून दाराजवळ सरकलेलो.

बाबा: पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालून फिरवायचे. आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. ओन्दोल म्हणतात त्याला.

आई: यांनी परवापासून वाचन सुरू केलंय. मार्चमध्ये जायचं ठरतंय ना, म्हणून.

बाबा: सायली, ग्योंगीजॉनला गेलात की नाही?

सायली: गेलो. १४१० सालची वास्तू. जोसॉन घराण्याच्या पहिल्या राजाचं चित्र ठेवायला बांधलेली. आवारात बांबूचं बन आहे, तिथे फोटोला रांग. रस्त्याच्या पलीकडे विटांचं चर्च आहे, १९१४ चं.

बाबा: चर्च राहू दे. त्या आवारात दप्तरखाना होता तो पाहिलास का? राजांची इतिवृत्तं चार ठिकाणी ठेवलेली असायची. १५९२ मध्ये जपानी फौजा आल्या, तीन प्रती जळाल्या. जॉन्जूची तेवढी दोन विद्वानांनी उचलून नैजांग डोंगरात नेऊन लपवली. आज सुरुवातीच्या राजांचा जो इतिहास आहे तो त्या एका प्रतीमुळे.

बाबा: आणि राजालासुद्धा ती वाचायची परवानगी नव्हती. तेजोंग नावाचा राजा शिकारीत घोड्यावरून पडला. उठल्या उठल्या म्हणाला, इतिहासकाराला कळू देऊ नका. इतिहासकाराने हेही वाक्य लिहून ठेवलं!

काका: वा! आपल्याकडे असा कारकून हवा होता.

आत्या: हे सगळं झालं. जेवायला काय मिळतं ते सांग. मला कांदा-लसूण पण चालत नाही चातुर्मासात.

सायली: मार्चमध्ये चातुर्मास नसतो आत्या.

आत्या: मांसाहार तर बारा महिने नसतो.

सायली: जॉन्जूचं बिबिंबाप प्रसिद्ध आहे. पितळी वाडग्यात भात, वर रंगीत भाज्या, मोड आलेलं सोयाबीन, मुगाच्या सत्त्वाची पिवळी वडी, मध्ये अंडं, लाल मिरचीची चटणी. सगळं कालवून चमच्याने खायचं.

आत्या: मग मांस काढून टाका म्हणायचं. सोपं आहे की.

सायली: आम्हीही तेच केलं. इंदूरची मैत्रीण शुद्ध शाकाहारी, तिच्यासाठी मांस आणि अंडं दोन्ही काढायला सांगितलं. ती चाटूनपुसून जेवली. पैसे देताना मी भिंतीवरच्या फलकावर फोन धरला, भाषांतर करून बघायला. त्यावर लिहिलेलं की आमचा भात गोमांसाच्या हाडांच्या रश्शात शिजवतो. जॉन्जूची जुनी पद्धतच आहे ती.

आई: अगं बाई.

आत्या: तिला सांगितलंत का?

सायली: तेव्हा नाही. तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि चपला घातल्या.

ओंकार: इतिहासकाराला कळू देऊ नका.

सायली: हो, तसंच. रात्री झोप नाही. सकाळी ओमोकदेच्या टेकडीवर चढलो, खाली सगळ्या कौलांच्या लाटा दिसतात, तिथे मी सांगून टाकलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, किती चमचे खाल्ले मी?

आत्या: मग?

सायली: मी मोजत बसले होते का! दिवसभर तिने केळी आणि दाणे खाल्ले. माझ्याशी बोलली ती थेट सोलच्या गाडीत. तेही खिडकीची जागा मागायला.

काका: चूक हॉटेलवाल्याची म्हणता येत नाही. फलक लावलेला होता.

आत्या: फलक कोरियन भाषेत लावून काय उपयोग? आणि सायली, तू चपला घालायच्या आधी सांगायला हवं होतंस.

सायली: माहीत आहे गं.

ओंकार: गुगल मॅप चालला का?

सायली: पायी रस्ता दाखवेना. नेव्हर मॅप घ्या. आणि बाबा, जायचंच तर मधल्या वारी जा आणि रात्री राहा. संध्याकाळी दिवसाचे लोक गेले की गल्ल्यांत फक्त आपल्या पावलांचा आवाज.

बाबा: जवळच ग्युम्सान्सा मठ आहे. मुक्कामाला राहता येतं. मठातलं जेवण शाकाहारी, आणि कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य.

आत्या: हे आधी नाही का सांगायचं? काढा माझं तिकीट. पण भात शिजताना मी स्वयंपाकघरात उभी राहणार.

आई: ताई, मठात शिरू देतात का स्वयंपाकघरात?

आत्या: विचारून ठेव, सायली.