सात बाय साडेदहाची खोली बेडरूम धरायची का? (पुणे, रिसेल फ्लॅट) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एक रिसेल फ्लॅट बघतेय आणि एका खोलीवरून गाडं अडलंय. इमारत २०१२ ची, चौथा मजला, लिफ्ट आहे, पाण्याची तक्रार नाही. जाहिरातीत 'प्रशस्त ३ बीएचके' असं लिहिलंय. दोन बेडरूम खरंच नीट आहेत. तिसरी खोली मात्र सात फूट बाय साडेदहा फूट. टेप घेऊन मी स्वतः मोजली.

हा फ्लॅट बघण्याचं कारणच ती तिसरी खोली आहे. आई साताऱ्याला एकटी असते, गुडघे दुखतात, आता तिला कायमचं इकडे आणायचंय. मुलगी नववीत आहे, तिलाही अभ्यासाला स्वतंत्र जागा हवी. म्हणजे आईचा दिवाण त्या लहान खोलीत. भिंतीला लावून तो बसतो, समोर कपाट ठेवलं की मध्ये जेमतेम चालण्याएवढी जागा उरते. उद्या वॉकर लागला तर काय, हा प्रश्न आहेच. एका भिंतीवर मोठा लॉफ्ट (सामान ठेवायचा माळा) आहे.

खिडकी आहे, पण ती ड्राय बाल्कनीत (कपडे-भांडी धुण्याच्या छोट्या बाल्कनीत) उघडते. कबुतरांच्या त्रासामुळे मालकांनी ड्राय बाल्कनीला बाहेरून काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्यात. आत वॉशिंग मशीन आणि गीझर आहे.

एजंटचं म्हणणं, "ताई, दार आहे, खिडकी आहे, बेड मावतो, झाली की बेडरूम." आणि भाव तो तीन बेडरूमचाच सांगतोय. मंजूर नकाशा मागितला तर "बघून सांगतो" म्हणाले, पुढे काही नाही.

नियमाने अशा खोलीला बेडरूम म्हणता येतं का? जास्तीचे पैसे मोजावेत का? आणि नियम बाजूला ठेवूनही विचारते, अशा खोलीत रोज झोपणं सत्तरीच्या माणसासाठी ठीक आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

चाफेकळी: याला आमच्याकडे अडीच बीएचके म्हणतात. अर्ध्याचे पैसे पूर्ण द्यायचे नाहीत, एवढंच सांगते.

रेघापट्टी: ताई, मी आर्किटेक्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बांधकाम नियमांत बेडरूम, हॉल असे भेद फारसे नसतात. नियम बघतात ती खोली माणसाने राहण्यासाठी योजली आहे की नाही. बाथरूम, पॅसेज, स्टोअर, देवघर हे त्यातून वगळलेले असतात. त्यामुळे नकाशात त्या खोलीवर काय लिहिलंय याला फार महत्त्व आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौ. मी. आणि रुंदीला २.४ मी. हवी. दोन असतील तर एक ९.५ ची आणि दुसरी किमान ७.५ चौ. मी., रुंदी २.१ मी. उंची २.७५ मी., म्हणजे नऊ फूट. तुमची खोली साडेत्र्याहत्तर चौ. फूट, म्हणजे साधारण ६.८ चौ. मी. भरते. सात फूट रुंदी कशीबशी बसते, पण ७.५ चौ. मी. म्हणजे जवळपास ८१ चौ. फूट, तिथे ती कमी पडते. हे मोजमाप मी सवलतीच्या बाजूने, म्हणजे त्यातली लहान मर्यादा लावून धरलंय. ही संहिता मार्गदर्शक आहे. आज पुण्यात डिसेंबर २०२० ची यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) लागू आहे आणि तुमची इमारत त्याआधीची, म्हणून तिला त्या वेळचे स्थानिक नियम.

माझ्या अनुभवात अशा खोलीवर नकाशात बहुतेक वेळा 'स्टोअर' किंवा 'स्टडी' लिहिलेलं सापडतं. परवानगी दोन बेडरूमची घ्यायची आणि विकताना तीन मोजायच्या. नकाशा दाखवायला टाळाटाळ होतेय यावरून मला तसाच संशय येतो.

पण आकारापेक्षा मला खिडकीची काळजी जास्त वाटते. राहण्याच्या खोलीची खिडकी थेट बाहेरच्या हवेत किंवा उघड्या व्हरांड्यात उघडायला हवी. बाल्कनी उघडी होती तोवर चाललं असतं. काचा लागल्या आणि ती खिडकी एका बंद खोलीत उघडायला लागली. संहितेत उघडणाऱ्या भागाचं प्रमाण हवामानावर ठरतं, कोरड्या उष्ण भागात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश. सरकत्या खिडकीची अर्धीच बाजू उघडते, हेही धरा.

पाणवठा: थांबा. तो गीझर विजेचा आहे की गॅसचा? ताई, बाकी सगळं नंतर, आधी हे बघून सांगा.

धागाकर्ती: गॅसचा आहे. मालक म्हणाले पाणी लगेच तापतं.

पाणवठा: मग त्या खोलीत आईंना झोपवू नका. हे मी भाव पाडण्यासाठी सांगत नाहीये.

गॅस गीझर जळताना खोलीतला ऑक्सिजन वापरतो. हवा पुरली नाही की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळती नाकाला कळते, ही कळत नाही. म्हणून तर गीझर ड्राय बाल्कनीत लावतात, तिथे मोकळी हवा असते म्हणून. आता बाल्कनीला काचा आहेत. थंडीच्या सकाळी कोणीतरी त्या लावून घेणार, आत दोन जणांच्या आंघोळी होणार, आणि त्या हवेला जायला उरलेली वाट म्हणजे आईंच्या उशापाशी उघडणारी खिडकी. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते. सत्तरीचं माणूस म्हणणार पित्त झालं असेल, जरा पडते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही.

उपाय अवघड नाही. गॅस गीझर काढून विजेचा साठवणीचा गीझर बाथरूममध्ये बसवा. काचेच्या जागी कबुतरांची जाळी लावा, कबुतरं अडतात आणि हवा खेळते. फक्त कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावून भागेल असं समजू नका. तो असावा, पण कारण आधी दूर करा.

जर्सीकर: मी न्यू जर्सीत असतो. इथल्या निवासी संहितेत राहण्याच्या खोलीला किमान ७० चौ. फूट आणि कुठलीही बाजू सात फुटांपेक्षा कमी नको. म्हणजे तुमची खोली आकाराने इथे काठावर पास झाली असती. पण झोपण्याच्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते, साधारण ५.७ चौ. फूट मोकळं उघडणारी, तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नको, आणि ती थेट बाहेर उघडायला हवी. काचबंद बाल्कनीत उघडणारी चालत नाही. कपाटासाठी कोनाडा असलाच पाहिजे असं एजंट लोक सांगतात, तसा नियम संहितेत नाही. तेव्हा रेघापट्टींशी सहमत, आधी खिडकी बघा.

हिशेबनीस: पैशांचं बोलतो. स्टोअर म्हणा की बेडरूम, त्या खोलीचं क्षेत्रफळ कार्पेटमध्ये (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात) आधीच धरलेलं असतं. दर चौरस फुटावर ठरवला की तिचे पैसे देऊन झाले. वर 'तिसरी बेडरूम' म्हणून वेगळी रक्कम मागतात ते त्याच जागेचे दुसऱ्यांदा पैसे. मुद्रांक शुल्काचा हिशेबही क्षेत्रफळावर होतो, खोल्यांच्या संख्येवर नाही. बँकेचा मूल्यांककही मंजूर नकाशा आणि क्षेत्रफळ बघेल. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचा ग्राहकही हाच धागा वाचून आलेला असेल.

रेराच्या (घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या) भरवशावर राहू नका. महारेरा मे २०१७ पासून लागू आहे, आणि तिथली खोट्या जाहिरातीची तक्रार बिल्डरविरुद्ध असते, रिसेलच्या मालकाविरुद्ध नाही.

नकाशासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, बहुतेक सोसायट्यांकडे प्रत असते. नाहीतर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. मात्र कुठे अर्ज करायचा ते आधी बघा. सिंहगड रस्त्याकडच्या गावांपैकी धायरी मनपात आली २०१७ ला, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी २०२१ ला. त्या भागातली २०१२ ची इमारत असेल तर परवानगी जिल्हाधिकारी कार्यालयाची असू शकते. भोगवटा प्रमाणपत्रही (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) सोबतच मागा.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. पाणवठा, तुम्ही विचारलं नसतं तर गीझरचा विचार माझ्या डोक्यातही आला नसता.

सोसायटीच्या ऑफिसात नकाशा बघायला मिळाला. त्या खोलीवर 'स्टोअर' लिहिलंय आणि ड्राय बाल्कनी उघडी दाखवलीय. भोगवटा प्रमाणपत्र आहे.

आईला मागची मोठी बेडरूम द्यायची असं घरी ठरलं. मुलगी आजीजवळ झोपेल, तिचं टेबल आणि पुस्तकं लहान खोलीत. घर तसं आम्हाला आवडलंय, म्हणून सोडत नाही, पण एजंटला दोन बेडरूम आणि स्टोअर धरून कार्पेटवर भाव कळवलाय. टोकन देण्याआधी गॅस गीझर काढणं आणि बाल्कनीच्या काचा काढून जाळी बसवणं, या दोन्ही गोष्टी लेखी हव्यात असंही सांगितलंय. मालकांचं उत्तर अजून यायचंय. काचांबद्दल ते नाही म्हणाले, तर स्वतःच्या खर्चाने काढू. भावाबद्दल नाही म्हणाले, तर दुसरं घर बघू.

रेघापट्टी, एकच विचारायचं राहिलं. त्या खोलीतला लॉफ्ट आरसीसीचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा) आहे. तो तोडता येतो का, की बीमला धक्का लागतो?

रेघापट्टी: न बघता तोडू नका. स्लॅबबरोबरच ओतलेला असेल तर त्याच्या सळया बीममध्ये गेलेल्या असतात. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि सोसायटीला लेखी कळवा. नुसत्या टेबलाच्या वर असेल तर राहू द्या, वर जड सामान तेवढं ठेवू नका.